आगाऊ नारळ

पेणच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या एकच उद्योग चालत आला होता, तो म्हणजे पाणी बाहेर ठेवण्याचा. खाडीला बांध घालायचे, बांधाला खांड पडली की चिखलाच्या पाट्या घेऊन धावायचं आणि आत वाचलेल्या जमिनीत भात नाहीतर मीठ काढायचं. मग नव्वद सालानंतर मुंबईचे एक मालक आले. त्यांनी बांधाच्या आतली जमीन विकत घेतली, तिच्यात आपण होऊन पाणी भरलं आणि त्या पाण्यात उतरायला तिकीट लावलं. ‘मौजसागर वॉटर पार्क’ अशी पाटी लागली तेव्हा गावातले म्हातारे बरेच दिवस एकमेकांकडे नुसते बघत होते.

गावातल्या एखाद्याला नोकरी दिली की बाकीचं गाव गप्प बसतं, एवढं व्यवहारज्ञान मालकांना होतं. त्यांनी दिनानाथला उचललं. दिनानाथ गावकीचा पंच. आवाज खालचा, मिशी पांढरी, आणि भांडणात दोन्ही बाजूंना ‘खरं हाय’ म्हणायची जुनी सवय. त्याला फाटकाजवळ टेबल, खुर्ची आणि डायलला कुलूप घातलेला फोन मिळाला. वर पाटी लागली, ‘पाहुणे समाधान कक्ष’. त्याची बायको ठमाबाई हिला आतल्या कॅन्टीनमध्ये वड्यांचा घाणा मिळाला.

नोकरीला लागल्यावर दिनानाथच्या लक्षात आलं, की पाण्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. माणसं तक्रार करतात ती माणसांबद्दल. कोणी घसरगुंडीवरून मागून येऊन आदळतो. कोणी सकाळी धरलेली रबरी ट्यूब संध्याकाळपर्यंत सोडत नाही, जणू सातबारावर नाव लागलं आहे. कोणी घरून तळलेले बोंबील आणतो आणि काटे हौदात सोडतो. एकदा एक सासूबाई सुनेच्या नायलॉनच्या ड्रेसबद्दल तक्रार घेऊन आल्या. तक्रार दुसऱ्या पाहुण्याबद्दल असावी असा नियम होता. सून ही दुसरी पाहुणी धरावी की घरचीच, यावर दिनानाथ चहा होईपर्यंत विचार करत बसला, तोवर सासू-सून मिळून नवऱ्याची तक्रार करू लागल्या.

मालकांनी समाधान कसं करायचं ते काही सांगितलं नव्हतं. मग दिनानाथनं त्याला येत होती ती रीत लावली. त्यांच्या गावकीत चुकलेल्यानं दुखावलेल्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ हाती गेला की प्रकरण मिटलं. त्यानंतर जो ते उकरून काढील तो दोषी, मग तो मूळचा दुखावलेला का असेना. शहरात नारळ देतात तो कामावरून काढताना. इथे तो माणसाला परत आत घेण्यासाठी होता.

आणि ही रीत चांगलीच चालली! टेबलाखाली नारळांचं पोतं आलं. ट्यूबवाला ट्यूब-नसलेल्याला नारळ देई, दोघं हात जोडत, फोटोसुद्धा काढत. मुंबईची मंडळी तर नारळ मिळावा म्हणून बारीकसारीक तक्रारी शोधू लागली. जाताना ओझं नको म्हणून बहुतेक जण नारळ कॅन्टीनमध्ये ठेवून जात. ठमाबाईच्या वड्यांबरोबरच्या चटणीचं पेणपर्यंत नाव झालं ते त्यामुळेच. ज्या रविवारी पाहुणे सभ्यपणे वागत, त्या रविवारी चटणी पातळ होई.

मालक फोनवर विचारत, “दिनानाथ, तक्रार?”

“मिटली.”

“शाब्बास.”

अशात रोह्याच्या एका शाळेची सहल आली. मुलींची अ तुकडी, आणि बरोबर रेचल रोहेकर नावाच्या शिक्षिका. वय असेल पंचविशीचं. रोह्यात त्यांच्या यहुदी समाजाची आता दोन-चारच घरं उरली होती, बाकीची इस्रायलला गेली. भाऊ तिकडून बोलावत होता, आणि बाई दर वर्षी ‘ही तुकडी दहावी झाली की येते’ असं कळवून मोकळ्या होत होत्या.

दुपारी त्या टेबलाशी आल्या तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं आणि टॉवेल दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरला होता.

“काका, तो निळ्या चड्डीतला माणूस. लाटांच्या तलावात.”

“काय झालं, बाई?”

“लाट आली की अंगावर येतो. लाट गेली तरी जात नाही.” त्यांनी मागे वळून मुलींकडे पाहिलं. “मी तीनदा जागा बदलली. तो चौथ्यांदा आला. मुली बघत होत्या.”

दिनानाथनं फाटकावरच्या नाथाला पाठवून माणूस बोलावला. आला तो प्रणित. पेणचाच. कारखान्यांच्या सहली भरून पार्कात आणायचा त्याचा धंदा, त्यामुळे पार्कातले सगळे त्याला प्रणितभाऊ म्हणत. त्यानं केस झटकले आणि हसला.

“गर्दी हाय काका. लाट काय माझ्या हातात हाय? मशीन तुमची.”

“बाईंना त्रास झालाय.”

“झाला असंल तर चुकलं आपलं!” प्रणितनं खाली वाकून पोत्यातला नारळ स्वतःच उचलला. जागा त्याला माहीत होती. “घ्या ताई. लहान भाऊ समजा.”

नारळ पुढे आला. मागे मुलींचा घोळका उभा होता, बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. पुढे केलेली वस्तू माणूस घेतो, तशी रेचलबाईंनी ती घेतली. प्रणित परत पाण्यात गेला.

“म्हणजे आता हा इथे येणार नाही ना?” बाईंनी विचारलं. “पुढच्या रविवारी माझी ब तुकडी आहे. तो असेल तर मी मुलींना आणणार नाही.”

“नाय येणार, बाई. माझा शब्द.”

पंचानं शब्द दिला होता. पण देताना त्याचं अर्धं लक्ष बसच्या हॉर्नकडे होतं, आणि प्रकरण मिटल्याचं जे एक सुख असतं, ते त्याच्या अंगात उतरलेलं होतं.

संध्याकाळी घाणा आवरताना ठमाबाई म्हणाली, “त्या मास्तरणीनं नारळ माझ्या परातीत ठेवला. ठेवला कसला, टाकला.”

“ठेवतात सगळीच. खवून टाक गो.”

“तिनं तो कबूल म्हणून घेतला नाय. तुमी सगळे बघत होतात म्हणून घेतला.”

“घेतला ना? मग झालं.”

“तुमचं झालं,” ठमाबाई म्हणाली.

पुढचा रविवार आला. पार्क उघडून थोडा वेळ झाला असेल, तोच फाटकात प्रणित उभा. हातात पेणच्या बाजारातला सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ. त्यानं तो दिनानाथच्या टेबलावर आणून ठेवला.

“काका, आजचा आधीच आणला. पुन्हा तुम्हाला ताप नको.”

नाथा खो खो हसला. विनोद चांगलाच होता. दिनानाथच्याही मिशीखाली हसू येऊ लागलं होतं, आणि मग त्या नारळाचा अर्थ त्याला कळला.

“प्रणितभाऊ, आज आत नको.”

“का?”

“मागच्या रविवारचं...”

“ते तर मिटलं. मिटलेलं उकरील तो दोषी. तुमचीच रीत ना?” प्रणित नाथाकडे वळला. “काय नाथा?”

नाथा दिनानाथच्याच गावचा. त्यानं हसू आवरून तोंड गंभीर केलं. “ते मात्र खरं हाय, पंच.”

“मी शब्द दिलाय त्या बाईला.”

“शब्द तुमचा, नारळ माझा,” प्रणित म्हणाला. “आधी कोणाचं धरणार? राहू दे, आपण मालकांनाच इचारू.”

दिनानाथनं कनवटीची किल्ली काढून फोनचं कुलूप उघडलं. पलीकडून मालकांचा आवाज आला, नुकतंच जेवून उठल्यासारखा संथ.

“प्रणितभाऊंना दारात उभं केलंत? अहो, निम्मं पार्क ते भरतात. आणि तुम्हीच मला सांगितलंत प्रकरण मिटलं म्हणून.”

“मिटलं होतं. पण आज त्या बाई पुन्हा येतायत, मुलींना घेऊन.”

“मग त्यांना दुसरा रविवार द्या. गोड बोलून. त्यांच्या सोयीसाठीच सांगताय असं सांगा.”

फोन ठेवायच्या आत प्रणित आत गेला होता. नारळ टेबलावरच होता.

दिनानाथ रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आयुष्यात त्यानं जमिनीची भांडणं सोडवली, बांधाच्या पाळ्या लावल्या, एका बैलासाठी रक्त निघता निघता थांबवलं. पण कोणाला गावाच्या वेशीवरूनच परत धाडायचं काम त्याच्यावर कधी आलं नव्हतं. दोषी माणसालासुद्धा बोलायला आत घेतात.

बस आली. आत मुली गात होत्या. काहींनी टॉवेल आधीच खांद्यावर टाकले होते. रेचलबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दिनानाथचा चेहरा पाहिला आणि पायरीवरून खाली उतरल्या नाहीत.

“तो आत आहे.”

“बाई, आज गर्दी जरा...”

“काका, तो आत आहे का?”

“हाय.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. पण बाई, आमच्यात नारळ झाला की...”

“मला कोणी सांगितलं होतं, नारळ घेतला की काय होतं ते? आमच्याकडे नारळ मलिद्याच्या प्रार्थनेला आणतात. त्यानं तोंड बंद होतं हे मला माहीत नव्हतं.” त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे दिनानाथला मान वर करता येईना. “मला आत सोडा. सगळ्यांच्या समोर त्याला विचारते.”

“मालकांचा निरोप हाय. दुसरा रविवार घ्या म्हणतात. तुमच्या सोयीसाठी.”

रेचलबाई पायरीवरच मागे वळल्या. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “वळवा.”

गाणं थांबलं. मागून एका मुलीनं विचारलं, “बाई, पार्क बंद हाय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्याला बंद आहे.”

बस वळायला बराच वेळ लागला. रस्ता अरुंद, एका बाजूला खाजणाचा चिखल. ड्रायव्हर पुढे घेई, मागे घेई, आणि दर वेळी तीच तोंडं दिनानाथच्या समोरून जात. दिनानाथ सवयीनं हात हलवून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होता. आपण काय करतोय हे कळल्यावर त्यानं हात खाली घेतला.

तो टेबलाशी येतो तोवर लाटांच्या तलावाचा भोंगा झाला. तलावात किंकाळ्या उठल्या, आनंदाच्या. त्यातल्या सगळ्याच आनंदाच्या असतील असं आजवर दिनानाथ धरून चालला होता. त्यानं बघितलं. निळी चड्डी एका लाटेबरोबर डावीकडे गेली. तिथे कोणाची तरी बहीण, कोणाची तरी बायको, दोघी हात धरून उभ्या होत्या. लाट ओसरली. निळी चड्डी तिथेच राहिली.

दिनानाथ पाण्यात उतरला. धोतर, सदरा, टोपी, पायांत वहाणा. ‘सुती कपड्यांत पाण्यात उतरू नये’ या पाटीखालूनच तो उतरला. लोक बाजूला झाले. दुसरी लाट त्याच्या छातीवर आपटली, टोपी निघून गेली, पण खारेपाटातल्या माणसाला लाट आणि चिखल दोन्हींत पाय रोवता येतो. त्यानं प्रणितचं मनगट धरलं.

“चल बाहेर.”

“काका, सोडा! काय लावलंय? नारळ घेतलात ना?”

“घेतला.”

“मग?”

रीत त्याच्या विरुद्ध होती. त्यानं नुसतं मनगट धरून ठेवलं. प्रणित ओरडू लागला, आणि भोवतालच्या पाहुण्यांनी जे दिसलं ते पाहिलं. एक धोतरवाला म्हातारा एका गिऱ्हाइकाला पाण्यात ओढतो आहे. त्या दोघी बायकांपैकी एक त्याच्याकडे टक लावून बघत होती. ती काहीतरी बोलेल असं दिनानाथला वाटलं. तिच्या नवऱ्यानं तिला बाजूला नेलं.

त्या दिवशी तक्रारींना तोटा राहिला नाही. मैलोन्‌मैल लांबून आलेल्यांनी, लहान मुलं घाबरलेल्यांनी, घाणेरड्या वहाणा पाण्यात आल्या म्हणणाऱ्यांनी, सगळ्यांनी टेबलापुढे रांग लावली. टेबलामागची खुर्ची रिकामी होती, कारण ज्याच्याकडे तक्रार करायची आणि ज्याची करायची, ते दोन्ही दिनानाथच होता, आणि तो कुंपणाशी धोतर पिळत उभा होता.

फोन नाथानं घेतला. ऐकून घेऊन तो दिनानाथकडे आला. पायांकडे बघत म्हणाला, “पंच, मालक म्हणतात, प्रणितभाऊंना नारळ द्या. हात जोडा. मग उद्यापासून तुमचं काम हायेच तसं. आपल्या रितीप्रमाणंच म्हणतात.”

प्रणित टॉवेल पांघरून उभा होता. मनगट लाल झालं होतं. या वेळी तो हसत नव्हता. खरोखरच दुखावलेल्या माणसासारखा तो हात पुढे करून उभा होता.

“देणार नाय,” दिनानाथ म्हणाला.

“पंच,” नाथाचा आवाज खाली आला, “नारळ द्यायला नाकारणाऱ्याला गावकी काय करते, ते मी तुम्हाला सांगू? ह्याच तोंडानं तुम्ही किती जणांना वाळीत टाकलंत. मला जाऊन सांगावं लागंल गावात.”

“सांग. सगळं सांग पण. बाईचं आधी सांग.”

“बाईचं तर मिटलं होतं,” नाथा म्हणाला. त्यात त्याची काही लबाडी नव्हती. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तसं वाटायला त्याला दिनानाथनंच शिकवलं होतं.

दिनानाथ फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तिथे ठमाबाई त्याच्याजवळ आली. हाताला पीठ, पदर कमरेला.

“बस गेली?”

“मघाशीच.”

“पोरींना काय सांगितलंत?”

“काय नाय. बाईच बोलली.”

“मग रोह्याला जा. तिच्या घरी.”

“जाऊन काय सांगू गो? तो आतच हाय. मी भायेर हाय.”

“ते मला नका इचारू. आजवर कधी मला इचारून न्याय दिलात?” तिनं कमरेचा पंचा काढून त्याच्या डोक्यावर टाकला आणि परत फाटकाकडे गेली. घाण्यावर वडे करपत होते, आणि ती आत गेली तेव्हा नाथानं तिला अडवलं नाही.

रोह्याची एसटी आली. दिनानाथ चढला. कंडक्टरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आजोबा, बसू नका. शीट भिजंल.”

“नाय बसत.”

नागोठणं आलं, गेलं. निडी स्टेशनचे रूळ दिसले. दिनानाथ दांडा धरून उभा होता आणि मनातल्या मनात रेचलबाईंच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य जुळवत होता. इतकी वर्षं त्यानं लोकांना सांगितलं होतं, बोलू नका, मिटलं. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि ‘बाई’ या एका शब्दापुढे त्याला काही सुचत नव्हतं.

“रोहा, रोहा,” कंडक्टर ओरडला. “उतरा आजोबा.”

दिनानाथ उतरला. धोतर अंगावरच अर्धं सुकलं होतं. त्यानं पहिल्याच टपरीवर रोहेकरांचं घर विचारलं.