रविवारी दहाचा वर्ग

चर्चच्या वर्धापनदिनाचा आदला दिवस होता. पाळकांच्या बंगल्याच्या ओट्यावर त्यांची बायको सरिता मेथी निवडत बसली होती आणि शेजारच्या हॉलमधून मुलांच्या नाटकाची तालीम ऐकू येत होती. नाटक दरवर्षीचंच. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकेतली माणसं एकोणिसाव्या शतकात नाशकात कशी आली, मिशनने त्यांना शरणपुरात आसरा कसा दिला, सुतारकी-लोहारकी कशी शिकवली.

नाटकानंतर किशोर मकासरे सरांचं व्याख्यान, तेही दरवर्षीचंच. सर निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्चच्या कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ. ते चांगलं बोलत, हे सरिताही मान्य करी. बायबलात गुलामगिरी आहे, हे ते लपवत नसत. मोशेने गुलाम ठेवण्याचे नियम घालून दिले, पौलाने दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलं. त्याच पुस्तकाच्या आधाराने कुणी चाबूक उगारला आणि तेच पुस्तक वाचून कुणी गुलामगिरी बंद करायला आयुष्य वेचलं. अमेरिकेतले काही मालक तर गुलामांना बाप्तिस्माच घेऊ देत नसत. उद्या हा शेजारी बसून भाऊ म्हणवून घेईल, ही भीती. या वाक्याला सर चष्मा काढून डोळे पुसत. त्यात नाटक नसे.

त्या शनिवारी, भर दुपारी, त्याच सरांच्या घरची कुसा कपड्यांचं गाठोडं घेऊन सरिताच्या मागल्या दारी आली.

"बाई, म्या आले," एवढंच ती म्हणाली.

कुसा मूळची सुरगाण्याकडच्या डोंगरातली. आईबाप निफाडला उसाच्या तोडणीवर यायचे. पोर शिकेल म्हणून त्यांनी तिला सरांच्या घरी ठेवलं. शाळा दुसरीत सुटली. आता तिशी आली होती. घरातला स्वयंपाक, धुणंभांडी, आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सरांच्या बायकोचं, कमळाबाईंचं, सगळं तीच करी. कमळाबाईंना ती आई म्हणे आणि सरांना सर. त्यांची स्वतःची मुलगी वेदिका पुण्यात नोकरीला होती. ती त्यांना पप्पा म्हणे. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना व्हायची, प्रत्येकाने बायबलातलं पाठ केलेलं एक वचन म्हणायचं. कुसाला लहानपणी दिलेलं वचन अजून बदललं नव्हतं. दासांनी आज्ञेत राहावं, तेच ते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला असलेल्या देवरामने तिला मागणी घातली होती. तोही डोंगराकडचाच, दर रविवारी चर्चला येणारा. सरांनी नाही म्हटलं नाही. कमळचं एकदा मार्गी लागू दे, म्हणाले. याला तीन वर्षं झाली होती.

संध्याकाळी कमिटी पाळकांच्या बैठकीच्या खोलीत जमली. सरिताचा नवरा सुनील पाळक म्हणून मधल्या खुर्चीत बसला. सरिता चहा घेऊन आत गेली तेव्हा सर बोलत होते. आवाजात राग नव्हता, दुःख होतं.

"आम्ही तिला मोलकरीण कधी म्हटलं? मुलगी आहे ती आमची. घरातून निघून आलेल्या मुलीचं काय करतात? समजूत घालून परत पाठवतात. अनेसिम नावाचा दास धन्याकडून पळून आला, तर पौलाने काय केलं? परत पाठवला त्याला."

सरिताने ट्रे खाली ठेवला. "कसा पाठवला, तेही सांगा ना सर. आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे, मलाच घेतोयस असं समजून घे, असं लिहून पाठवला. आणि मोशे तर म्हणतो, पळून आलेल्याला धन्याच्या हाती देऊच नका."

"धनी?" सरांचा चेहरा उतरला. "मी धनी?"

सगळ्यांनी सरिताकडे असं पाहिलं, जणू तिने म्हाताऱ्या माणसावर हात उचलला.

मग एकाने मुद्दा काढला. कुसाचं दृढीकरण झालेलं नाही, म्हणजे ती चर्चची पूर्ण सभासदच नाही, प्रभुभोजनाची भाकरीही घेत नाही. तेव्हा तिचं लग्न आपल्या चर्चमध्ये लागणार कसं? आधी ते होऊ द्या.

दृढीकरणाचा वर्ग उपासना सुटल्यावर, रविवारी दहाला भरे. दहाला कुसा सरांच्या घरी मटणाला फोडणी देत असे. दरवर्षी तिचं नाव निघे, दरवर्षी सर म्हणत की या वर्षी कमळला जरा बरं नाही. ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती. ते मटणही बहुतेकांनी खाल्लं होतं.

सर्वानुमते ठरलं की कमळाबाईंची दुसरी सोय होईपर्यंत कुसाने परत जावं, लग्नाचा विचार नाताळनंतर.

लोक गेल्यावर सरिताने विचारलं, "तुम्हीही हात वर केलात?"

"हात वर करायची वेळच आली नाही," सुनील म्हणाला. "कुणी विरोध केला नाही, एवढंच."

"यालाच सर्वानुमते म्हणता?"

स्वयंपाकघरात कुसाने सगळं ऐकलं होतं.

"म्या नाय जायची, बाई. आईसाठी जीव तुटतो माझा. इतकी वर्षं पडून हाय, पाठीला जखम होऊ दिली नाय. पण आता गेले ना, तर गेलेच."

"तू इथेच राहायचंस," सरिता म्हणाली, सुनीलला ऐकू जाईल अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी नाटक झालं, मुलांनी पुठ्ठ्याच्या बेड्या तोडल्या. सर बोलले, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. कुसा आज मागच्या बाकावर लोकांची बाळं सांभाळत नव्हती. पुढे देवरामशेजारी बसली होती. प्रभुभोजनाला लोक रांगेने उठले. ती बसून राहिली, तिला परवानगी नव्हती. देवरामला होती, तोही बसून राहिला. सरिताही उठली नाही. भाकरीची थाळी हातात घेतलेल्या सुनीलने बायकोकडे एकदा पाहिलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

बाहेर अंगणात सर कुसाजवळ आले. "आई कालपासून तुझं नाव घेतेय गं. चल घरी."

कुसाचे डोळे भरले. पण ती म्हणाली, "वेदिकाताईला बोलवा, सर. मुलगी हाय ना ती."

ती आणि देवराम, दोघं एकलहऱ्याच्या बसला निघून गेली.

लग्न रजिस्टर ऑफिसात झालं. साक्षीदार म्हणून सरिताने सही केली. वेदिका पुण्याहून आली, दोन दिवस राहिली, गेली. दहाच्या वर्गाची वेळ बदलावी हा सरिताचा प्रस्ताव कमिटीने पुढच्या बैठकीवर टाकला, मग त्याच्या पुढच्या. महिन्याभरात सरांच्या घरी पेठ तालुक्यातून एक नवी मुलगी आली. शिकायला.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर सरिता घरी गेली नाही. सरांच्या मागल्या दाराची कडी तिने वाजवली. मुलीने दार उघडलं. हाताला हळद, डोळ्यांत कांद्याचं पाणी.

"वर्ग आहे. चल."

आतून सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच सौम्य. "पाळकीणबाई, स्वयंपाक व्हायचाय हो अजून."

"होऊ द्या की सर. मी इथेच वर्ग घेते."

सरिता पायरीवर बसली. मुलीला तिने शेजारी बसवलं, बायबल उघडलं, आणि पळून आलेल्या दासाबद्दल मोशेने काय सांगितलंय ते ती वाचू लागली, आतल्या खोलीपर्यंत शब्द न शब्द पोचेल अशा आवाजात. चुलीवर मटण करपायला लागलं होतं.