दुपारचा पहारा

निमोण्याच्या हौसरावांना गावात दोन गोष्टींसाठी मान होता. एक त्यांचा आवाज, दुसरा त्यांचा हट्ट. आवाज वयोमानाने जरा घसरला होता. हट्ट मात्र दिवसेंदिवस सुरात येत चालला होता.

दर चैत्रात मारुतीच्या देवळापुढे मांडव पडायचा आणि सप्ताह बसायचा. हौसरावांच्या वडिलांनी तो सुरू केला, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. सात दिवस वीणा भुईला लावायची नाही, खुंटीला टांगायची नाही, तिचा आवाज थांबू द्यायचा नाही. एकाने ती गळ्यात घालून दोन तास उभं राहायचं, नाम घ्यायचं, मग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. याला पहारा म्हणायचे. वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. समोरचा वयाने लहान असो, थोर असो, पाटील असो की त्याच्याच घरचा सालगडी असो, त्यात सूट नाही. एकदा एका पाटलाने नुसते हात जोडले, तर हौसरावांनी त्याला वीणा दिली नव्हती. पुढचे दोन तास स्वतःच उभे राहिले होते.

सन त्र्याहत्तरच्या चैत्रात मात्र सप्ताहाला कुणी राजी नव्हतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं छावणीला नाहीतर बाजाराला गेली होती, आणि घरोघरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पोटाला बांधून माणसं दिवस ढकलत होती. सगळं गाव ओढ्यावरच्या पाझर तलावाच्या कामावर होतं. सरपंच शंकरराव हौसरावांकडे आले आणि आडून आडून म्हणाले, "आबा, औंदा राहू द्या. घरात काय न्हाई, देवाला कुठल्या तोंडानं बोलवायचं?"

"सुगीत बोलवायचं आन् दुष्काळात दार लावायचं," हौसराव म्हणाले, "देव काय जावाय हाय व्हय?"

सप्ताह बसला. गावात वाहवा झाली, की भक्ती असावी तर आबांसारखी.

खरी गोष्ट हौसरावांनाच ठाऊक होती. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा एकुलता एक मुलगा पोपट विहीर खोल करायला उतरला आणि दरड अंगावर आली. त्या दिवसापासून हौसरावांचं देवाशी बोलणं बंद होतं. नाम तोंडात होतं, पण ते नुसतं जिभेवर. सप्ताह त्यांनी बसवला तो वडिलांच्या शब्दासाठी, आणि थोडा देवाला खिजवायला. तू तुझा शब्द पाळला नाहीस, मी माझा पाळतो, असा तो हिशेब होता.

आणि अशा घरात त्यांची सून गात होती. चांगुणा, पोपटची बायको. वय पंचविशीच्या आतबाहेर, पोटी मूल नाही. नवरा गेल्यावर तीन महिने तिने तोंड उघडलं नाही. माहेरच्यांनी, यवतच्या बाजूच्या लोकांनी, न्यायला बैलगाडी आणली तर मान हलवून नाही म्हणाली. मग कामावर जायला लागली आणि एक दिवस खडी फोडता फोडता तिच्या तोंडून ओवी बाहेर पडली. तेव्हापासून ती गातच होती. भाकरी थापताना, पाणी भरताना, खडी फोडताना. हौसरावांना ते खटकायचं. हिला कसला एवढा आनंद झालाय, असं मनात यायचं. पण सुनेला असं विचारायचं कसं? सासऱ्याने सुनेशी बोलायचं म्हणजे भाकरी वाढ आणि दार लाव, यापलीकडे त्या घरात रीत नव्हती.

सप्ताहाची गंमत अशी झाली की रात्रीच्या पहाऱ्याला माणसं मिळाली आणि दिवसाच्या पहाऱ्याला मिळेनात. सकाळी सातला सगळे कामावर, संध्याकाळी सहाला परत. कामावर हजेरी चुकली तर चूल बंद. तेव्हा दिवसाची वीणा दोन म्हाताऱ्यांनी वाटून घेतली, हौसराव आणि त्यांचे जुने जोडीदार सावळाराम. दोन दिवस दोघांनी आलटून पालटून रेटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की सावळारामांना ताप भरलाय, उठवत नाही. हौसराव म्हणाले, "निजू दे त्याला. मी हाय की."

बोलायला काय जातं? सातपासून हौसराव उभे राहिले. नऊ वाजले, अकरा वाजले. मांडवाचा पाला वाळून चुरा झाला होता, त्यातून ऊन अंगावर सांडत होतं. पाय भरून आले, ते त्यांनी सोसलं. घसा सुकला, तोही सोसला. पण वीणेकरी झाला तरी त्याला देहधर्म सुटत नाही, आणि पहाटे हौसरावांनी आवाज मोकळा व्हावा म्हणून तांब्याभर गरम पाणी घेतलं होतं. बारा वाजायच्या सुमाराला त्यांची अशी अवस्था झाली की नाम तोंडात आणि जीव देवळामागच्या बाभळीत.

वीणा ठेवायची नाही. टांगायची नाही. गावात शेंबडं पोर नाही. मांडवाचा खांब उभाच आहे, त्याच्या गळ्यात घातली तर चालेल का, असासुद्धा विचार त्या नियमाच्या माणसाच्या मनात येऊन गेला. पण वीणा घेणाऱ्याने पाया पडायला हवं, आणि खांब काही वाकणार नव्हता.

तेवढ्यात चांगुणा आली. दुपारच्या सुट्टीत ती अर्धा कोस चालून सासऱ्याला भाकरी घेऊन आली होती. डोक्यावर पदर, पदरावर खडीची पांढरी धूळ. तिने भाकरी कडेला ठेवली आणि सासऱ्याकडे एकदा पाहिलं. हौसराव या पायावरून त्या पायावर होत होते. तिला एका नजरेत कळलं.

"मामंजी, मी धरते. तुमी जाऊन या," ती म्हणाली.

"बाईच्या गळ्यात वीणा?" हौसराव नामातून बाहेर येत म्हणाले. "येकेचाळीस वर्सांत झालं न्हाई."

"येकेचाळीस वर्सांत असा दुष्काळ तरी कुठं झाला व्हता?"

हौसराव तार छेडत राहिले. ती खाली बघत होती, पण जागची हलली नाही. मग इतके महिने घशात अडकलेलं त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं.

"चांगुणे, तुला गाववतं कसं गं? माझा पोरगा गेला. तुझा तर सगळा संसार गेला. मी हितं उभा हाय, पर मला आतनं एक अक्षर येत न्हाई बघ."

चांगुणाने पदर सारखा केला. एवढं लांब वाक्य सासरा तिच्याशी पहिल्यांदाच बोलला होता.

"मी तीन म्हैने गप बसले व्हते, मामंजी. गप बसून काय हे माघारी आले न्हाईत. मग वाटलं, देवाशी भांडावं. चांगलं कडाकडा भांडावं. तर भांडाया बी त्याचं नाव घ्यावंच लागतंय. नाव घेतलं आन् पुढं भांडणच सुचंना. मला काय आनंद झालाय म्हणून गात न्हाई मी. पर नाव घेतलं का वाटतं, आपून येकले न्हाई. हे व्हते तवा बी तो व्हता. आता बी हाय."

वीणा वाजत होती. हौसरावांनी गळ्यातला पट्टा सैल केला.

चांगुणा पुढे झाली, वाकून तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून हात पुढे केले. आता पाळी हौसरावांची होती. सासऱ्याने सुनेच्या पाया पडायचं, आणि तेही कपाळ पांढरं झालेल्या सुनेच्या, असं कुणी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. तिच्याही ते ध्यानात आलं आणि ती घाबरून एक पाऊल मागे सरली.

"ऱ्हाऊ द्या, मामंजी. नगं."

"ऱ्हाऊ दे कसं?" हौसराव म्हणाले. "पाटलाला न्हाई सोडलं मी. सोताला सोडू व्हय?"

एका हाताने वीणा सावरत म्हातारा वाकला. सून घरात येऊन सात वर्षं झाली होती, पण तिचे पाय त्यांनी आज पाहिले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. उजव्या अंगठ्याला चिंधी, खडीचा कपचा लागलेला. याच पायांनी ती रोज उन्हातून अर्धा कोस येत होती, त्यांची भाकरी घेऊन. हौसरावांनी त्या पायांना हात लावला आणि त्यांना रडू आलं. पोपट गेला त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. त्यांनी तिच्या गळ्यात वीणा घातली आणि डोळे पुसत देवळामागे गेले.

परत आले तेव्हा चांगुणा डोळे मिटून उभी होती. तार एका लयीत वाजत होती. अभंग तिला येत नव्हते, म्हणून ती आपली ओवी म्हणत होती.

उन्हाळ्याच्या दिसा भुई तापली तांबूस,
तुझ्या नावाचा रे देवा, माझ्यावरी पाऊस.

वीणेवर ओवी म्हणत नाहीत. हौसरावांच्या जिभेवर ते आलं होतं, पण ते खांबाला टेकून बसले आणि ऐकत राहिले. त्यांनी भाकरी खाल्ली. मिलोची, कोरडी, लाल. ती त्यांना गोड लागली, आणि गोड लागली याचंच त्यांना नवल वाटलं.

दुपारची सुट्टी संपली तरी चांगुणा उभी राहिली. तिचा खाडा पडणार होता. पण तिच्या टोळीतल्या बायकांना कळलं तसं झुंबरबाई म्हणाली, "तिच्या वाटणीचा ढीग आपून फोडू." खडीचं काम ढिगावर मोजत, माणसावर नाही, त्यामुळे मुकादमानेही कानाडोळा केला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोळीतून दगडाबाई आली. तिसऱ्या दिवशी तर बायकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या, आणि पाया पडणं, वीणा घेणं, देणं असं सगळं रीतसर होऊ लागलं. हौसराव प्रत्येकीपुढे वाकत होते. हनुमान जयंतीला काला झाला, कामावर वाटलेल्या सुकडीचाच झाला, पण सात दिवसांत तार एकदाही थांबली नव्हती.

गाव म्हटलं की बोलणारच. काही जणांनी नाकं मुरडली. शंकररावांनी आडवळणाने नाराजी कळवली की आबांनी रीत बाटवली. तेव्हा कुणी फार ताणलं नाही, कारण दुष्काळ होता.

मग दिवस पालटले. पाझर तलावात पाणी आलं, विहिरी भरल्या, आणि अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात ज्वारीच्या कणग्या तोंडापर्यंत भरल्या होत्या. सप्ताहाला मांडव दुप्पट पडला. पहाऱ्याला माणसांची चढाओढ. शंकररावांनी पाळ्यांची यादी केली आणि हौसरावांच्या अंगणात वाचून दाखवली. त्यात एकही बाई नव्हती.

"दुपारचा पहारा कुणाचा?" हौसरावांनी विचारलं. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते आता बाजेवरच असायचे.

"माझाच लावलाय," शंकरराव म्हणाले. "बारा ते दोन."

"तुमचा दोन ते चार करा. बारा ते दोन चांगुणा."

"आबा, तवाची गोष्ट येगळी व्हती. तवा गडीमाणूस नव्हतं. आता देवाच्या दयेनं..."

"तवा देव कडू झाला व्हता तर तिनं त्याला सोडला न्हाई," हौसराव म्हणाले. "आता ग्वाड झालाय, तर तिला बाहीर काढता? मग माझ्या बाचा सप्ताह बंद करा."

हट्ट गावाला ठाऊक होता. यादी बदलली.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी हौसरावांना बाजेसकट मांडवात आणून ठेवलं. बारा वाजता चांगुणाने वीणा घेतली, दोन तास उभी राहिली. दोनला शंकरराव पुढे आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, मागे चार माणसं. चांगुणा खाली वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि उठली. शंकररावांनी हात जोडले. चांगुणाने वीणा दिली नाही. ती तार छेडत शांत उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की तोरा नव्हता. शंकररावांनी बाजेकडे पाहिलं. हौसराव त्यांच्याकडेच बघत होते.

शंकररावांनी फेटा सावरला आणि ते वाकले. त्या पायांवर पाच वर्षांपूर्वीच्या भेगा तशाच होत्या. त्या दुष्काळात शंकररावांच्या बायकोनेही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली होती, ते त्यांना आठवलं की काय कोण जाणे, पण उठायला त्यांनी जरा वेळ लावला.

वीणा त्यांच्या गळ्यात गेली. चांगुणा बाजेपाशी येऊन बसली आणि तिने सासऱ्याला पाणी दिलं. हौसराव पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता पोटं भरल्यात समद्यांची. औंदा काय म्हणायची तुझी ओवी?"

चांगुणा हळू आवाजात, त्यांच्यापुरतंच म्हणाली,

भरली कणगी, दारी आलं सुगीचं सुख,
तुझ्या नावाची रे देवा, भागंना ही भूक.

हौसरावांनी डोळे मिटले. घसरलेला का होईना, पण तो गावात गाजलेला आवाज होता. त्यांनी तो लावला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा, आणि वीणेच्या तारेवर सुनेची ओवी म्हणायला सुरुवात केली.