न दिलेला हुंकार

“डोळे मिटा,” अध्यक्ष म्हणाले, “आणि हा मसुदा पुढे न्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हुंकार द्या.”

सभागृहभर डोळे मिटले गेले. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या या मंडळींची रीतच न्यारी. पगार नाही, मानधन नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं. इथे हात वर करायचे नाहीत, मतं मोजायची नाहीत. बंद ओठांनी ‘हूं’ करायचं, आणि आवाजाचा जोर बघून अध्यक्ष ठरवणार. कुणाचं मत कुणाच्या साहेबाला दिसू नये, हाही त्यातला एक हेतू.

या मंडळींतल्याच आमच्या इंजिनिअरचा साहेब मात्र नेमका त्याच्या पाठीमागे बसला होता. नजर चुकवता येते हो, कान कसा चुकवणार? सकाळी चहा घेताना साहेबानं गोड आवाजात सांगितलं होतं की हा नियम झाला तर तुटलेली लाइन सांधणारं आपलं यंत्र कोण विकत घेणार, आणि पुढच्या वर्षी कामावर कुणाला ठेवायचं याचा विचार चाललाच आहे.

शेजारी बाई होत्या. शाळेत शिकवायच्या. मसुदा दोघांनी मिळून लिहिलेला, कितीतरी रविवार खर्ची घालून. नेटची लाइन तुटली तरी संगणकावर येणारा धडा थांबला तिथूनच पुढे उतरावा, एवढंच मागणं. बाईंच्या शाळेत अर्धा धडा येऊन लाइन जायची, की पोरं पुन्हा पहिल्या ओळीशी. “बाई, मी आहे ना,” असं तो दर वेळी म्हणायचा.

बाईंचा हुंकार लागला, खणखणीत. इकडून तिकडून आणखी लागले. इंजिनिअरनं ओठ मिटले, श्वासही भरून घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, पण आवाज काही फुटला नाही.

मग विरोधकांचा हुंकार झाला. दोन्ही आवाज सारखेच वाटतात, एकमत नाही, असं म्हणून अध्यक्षांनी मसुदा बाजूला ठेवला.

इंजिनिअरनं चोरून मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. साहेब दाराबाहेर फोनवर बोलत होता, केव्हापासून कोण जाणे.

लाजेनं त्याचे कान तापले. बाईंकडे बघवेना. इतक्या खेटून बसलेल्या, त्यांना कळलं नसेल असं कसं होईल?

बाईंनी कागद पिशवीत भरले आणि पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

“घसा बसलाय ना भाऊ तुमचा?” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलंच.”

“हो बाई,” तो म्हणाला, “सकाळपासूनच.” आणि त्यानं बाटली तोंडाला लावली.