सिग्नालचे चार आठ

हार्मेन गेल्यावर त्याच्या थडग्यावर काय लिहायचं ते चटकन ठरलं. वाद पेटला तो अक्षरांवरून. आर्नहेम शहरातल्या त्या घरात दुसरं काय होणार? त्या माणसाचा अख्खा जन्म छपाईची अक्षरं रेखण्यात गेला होता.

त्याच्या नावावर दोन फॉन्ट होते. पहिला 'फेलुवे', पुस्तकांसाठी. उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्यात घातली, जाणकारांनी माना डोलावल्या, आणि वापरला मात्र कुणीच नाही. दुसरा 'सिग्नाल', जुन्या इलेक्ट्रॉनिक घड्याळातल्या आकड्यांसारखा, सात तुटक रेघांतून उभा राहणारा. एका डिस्कोच्या पोस्टरसाठी तो घाईघाईत झाला आणि देशभर पसरला. जिमच्या पाट्या, कबाबच्या दुकानाचं शटर, चोरट्या रेडिओ केंद्रांचे स्टिकर, पन्नाशीच्या वाढदिवसाचे मग. हल्लीच्या पोरांना तर जुन्या काळचं काहीही करायचं असलं की सिग्नालच लागतो. सिग्नाल समोर दिसला की हार्मेन रस्ता ओलांडायचा.

आणि त्याच्या बायकोला, विलेमीनला, दगडावर नेमका तोच हवा होता.

"आई, बाबा उठून येतील हं," त्यांची मुलगी इलसे म्हणाली. "थडगं आहे ते. जिम नाही."

"येऊ देत की. कॉफी तयारच असते."

"चेष्टा नको. का हवाय तुला तो?"

"हवाय," विलेमीन म्हणाली आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं.

खरं कारण असं, की सिग्नाल तिचा होता. पोस्टरच्या त्या हिवाळ्यात हार्मेन तापानं फणफणला होता आणि डिस्कोवाला दार ठोठावत होता. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळ्या कागदाच्या पट्ट्या कापून एकेक अक्षर मांडलं. सात पट्ट्यांत एम काही केल्या बसेना, तेव्हा एक पट्टी मधोमध मोडली आणि तो बसला. बरा झाल्यावर हार्मेननं कडा साफ केल्या आणि आपलं नाव घालून फॉन्ट पाठवून दिला. पुढे व्याख्यानांत 'माझं तरुणपणीचं पाप' म्हणून तो हशा पिकवायचा. ती पहिल्या रांगेत बसून हसायची आणि आतून चडफडायची. पण नवरा ज्याला पाप म्हणतो त्यावर हक्क सांगायचा कसा? झाकली मूठ तिनं झाकलीच ठेवली. आता निदान दगडावर तरी आपला फॉन्ट असावा, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी इलसेनं हात टेकले. दगड दोघांचा मिळून होता. विलेमीनचं नाव आणि जन्मसाल आत्ताच कोरायचं, मृत्यूच्या सालाची जागा रिकामी सोडायची. हार्मेनचा जुना विद्यार्थी युरे यानं मांडणी करून दिली आणि दगड तयार झाल्यावर तिघं दगड कोरणाऱ्या स्लोट्सच्या कारखान्यात बघायला गेली.

दगड झकास उतरला होता. हार्मेनच्या नावाखाली 'अक्षररचनाकार' असंही होतं. फक्त विलेमीनच्या जन्मसालापुढे, अगदी फिकट रेघांत, कोरलेलं होतं: ८८८८.

युरेचा चेहरा पडला. "माझी चूक. आकडा माहीत नसला की आम्ही आठ भरून ठेवतो. सगळ्या रेघा पेटतात, जागा नीट कळते. बंद घड्याळासारखं फिकट ठेवलं होतं... काढायचं राहून गेलं."

"कागदावर आलं ते कोरलं," स्लोट्स म्हणाला. "माणसं किती जगणार ते मी विचारत नाही."

इलसे भडकली. "बस झालं! माझ्या आईच्या मरणाची थट्टा मांडलीय. स्लोट्स, सगळं घासून टाका. पुन्हा कोरायचंच आहे तर बाबांच्या फेलुवेत कोरा."

"घासता येईल," स्लोट्स म्हणाला आणि दगडावर हात ठेवून विलेमीनकडे बघू लागला.

विलेमीन पुढे झाली. आता गप्प बसलं तर संपलंच.

"घासायचं नाही," ती म्हणाली. "तो फॉन्ट बाबांचा नाही. माझा आहे. त्यांना ताप होता तेव्हा मी कापलाय, कात्रीनं."

सिग्नाल हार्मेनचा, हाच इतिहास युरे कॉलेजात शिकवत होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

"बाबांनी कधी सांगितलं का नाही?" इलसेनं विचारलं.

"त्यांना त्याची लाज वाटायची. लाजेत मला ओढायचं नसेल. किंवा नावच सोडवत नसेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला वाईट वाटायचं, एवढं खरं."

"आणि हे आठ?"

"राहू देत. वेळ येईल तेव्हा हव्या तेवढ्या रेघा खोल करतील. कुठलंही साल बसेल."

स्लोट्सनं मान हलवली. "बसेल."

इलसे दगडाजवळ वाकली. बोटानं आठांतली भुकटी काढली, मग बापाच्या नावाखालच्या शब्दावरून तेच बोट फिरवलं.

"स्लोट्स, हा शब्द आईच्या नावाखालीही कोरा."

"कोणत्या फॉन्टमध्ये?"

"तिच्या," इलसे म्हणाली.