गोळ्यांची भरपाई

वकील केसिंजरबाईंचा फोन आला तेव्हा ओर्फा स्टिल्टनर चुलीवर राजमा ढवळत होती. वेदनाशामक गोळ्यांच्या कंपनीविरुद्धचा दावा मंजूर झाला होता. तिच्या धाकट्या भावाचा, रोंडलचा चेक पंधरवड्यात निघणार होता.

"अभिनंदन," केसिंजरबाई म्हणाल्या. ओर्फाने हातातला डाव खाली ठेवला.

खाणीत छत कोसळून रोंडलची पाठ मोडली, तेव्हा डॉक्टरने त्याच गोळ्या लिहून दिल्या होत्या. सवय लागत नाही म्हणाला. त्यानंतर रोंडलची बायको सोडून गेली, घर गेलं, पुढचे दात गेले. आता दीड वर्षापासून तो बहिणीकडे राहत होता, गोळ्यांना शिवलाही नव्हता. पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लेलला असाच चेक मिळाला होता. त्याने नवी गाडी घेतली आणि महिन्याभरात त्याच गाडीत तो जास्त गोळ्या खाऊन मेलेला सापडला.

"तो चेक थांबवता येईल का हो?" ओर्फाने विचारलं.

"पैसे त्याचे आहेत, ओर्फाबाई. मला कसे अडवता येतील?"

बातमी रविवारी चर्चमध्ये पोचली आणि सोमवारी टिव्हिस दारात उभा. एके काळी तो नि रोंडल एकाच डबीतल्या गोळ्या वाटून खायचे. आता टिव्हिस त्याच गोळ्या विकायचा. हातात हरणाच्या मटणाची पिशवी होती.

"दोस्ताला बघायला आलो."

"दीड वर्ष डोळे फुटले होते का तुझे?" ओर्फा म्हणाली.

तो हसला, पिशवी पायरीवर ठेवून निघून गेला. मटण तिने कुत्र्याला घातलं.

रात्री रोंडल आपणहून म्हणाला, "अगं, मला काय दिसत नाही? पैसे तुझ्या खात्यावर टाक. मी मागितले तरी देऊ नकोस. शिव्या घातल्या तरी देऊ नकोस."

चेक आल्यावर तसंच केलं. बँकेतून येताना रोंडल गाडीत शीळ घालत होता. किती वर्षांनी! ओर्फाला वाटलं, सुटलो.

पुढचे काही आठवडे तो एकदाही पैसे मागायला आला नाही. रुसला नाही, चिडला नाही. जेवण मात्र कमी झालं. गरम दिवसांतही पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाठ दुखते म्हणून लवकर झोपायचा. ओर्फा दाराला कान लावून त्याचा श्वास ऐकायची, आणि स्वतःलाच दटावायची, की उगाच संशय नको.

मग एका शुक्रवारी टिव्हिस पुन्हा आला. या वेळी हात रिकामे.

"रोंडलचा हिशेब होता."

"कसला हिशेब? त्याच्याकडे दमडी नाही."

"ठाऊक आहे ना. तुझ्याकडे आहे. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तर उधार दिलं." टिव्हिस शांतपणे कठड्यावर बसला. "घाई नाही मला. पण माझ्यावरची माणसं माझ्यासारखी नाहीत."

ओर्फा आत गेली. रोंडल बूट घालून पलंगाच्या कडेला बसला होता. सगळं ऐकलं होतं त्याने. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पूर्वी गोळ्या खाल्ल्यावर व्हायच्या तशा.

"शिव्या घातल्या तरी देऊ नकोस म्हणाला होतास," ती म्हणाली.

"शिव्या कुठं घालतोय?" तो हळूच म्हणाला. "देऊन टाक, ओर्फा. नाहीतर उधारी फेडायला मला त्याच्याबरोबर जावं लागेल."

तिने कपाटातले पैसे आणून दिले. टिव्हिसने न मोजताच नोटा खिशात घातल्या, टोपीला हात लावला आणि जाताना आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "बरा दिसत नाही गं तो. काळजी घे त्याची."