आतली पाइपलाइन

ताईने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि क्रीम भरलेल्या पिशवीचं तोंड पिळून घट्ट धरलं. पडद्यावर एक यंत्र काचेच्या बशीत गुलाबी जेलीचे थर देत होतं. त्या जेलीत म्हणे जिवंत पेशी होत्या. इकडे टेबलावर कुणाच्या तरी पन्नाशीचा केक अर्धवट सजून बसला होता. यंत्राचं काम आणि आपलं काम एकच, असं तिला पहिल्या धड्यापासून वाटत आलं होतं. हात तापला की क्रीमची फुलं बसतात, आणि यंत्र तापलं की पेशी मरतात.

कोर्स फुकट होता. अवयव छापायचं शास्त्र घरबसल्या शिका, शिक्षणाची अट नाही. कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या ताईला हे फार सोयीचं पडलं.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तो प्लंबर. "जगाच्या मोऱ्या उपसल्या आणि माझीच तुंबली," असं तो येईल त्याला सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही. घरात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा त्याच्या बायकोची किडनी जुळली नाही, ताईची जुळली. सगळे ताईकडे बघायला लागले. तेव्हा तिने कुठेतरी ऐकलेलं काहीतरी पुढे केलं. आता किडनी छापता येणार आहे म्हणे, थोडं थांबू या. वेळ मारून नेली खरी, पण थापेला काहीतरी बूड हवं, म्हणून त्याच संध्याकाळी तिने कोर्सला नाव घातलं.

खरी गोष्ट एवढीच होती की तिची पाचावर धारण बसली होती. ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायचं, शुद्ध हरपायची, आणि कुणीतरी आपल्याला कापायचं, हे तिला विचारातही सोसत नव्हतं. ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यासाठी आपल्याच्याने एवढं होत नाही, याची तिला लाज वाटायची. लाज वाटली की ती पुढचा धडा लावायची.

डायलिसिसच्या दिवशी ती त्याच्या उशाशी बसून शिकलेलं सांगायची. तो डोळे मोठे करून ऐकायचा.

"म्हणजे तू माझी किडनी केकवर काढणार तर. वर चेरी लाव."

"चेष्टा नको. कान छापलाय त्यांनी. कातडी छापलीय."

"ते ठीक आहे गं. पण आतली पाइपलाइन कशी टाकणार? भिंत काय, कुणीही बांधेल."

हा प्रश्न तो दर वेळी विचारायचा. बारीक रक्तवाहिन्यांचं कोडं अजून सुटलेलं नाही, हे तिला चौथ्या धड्यातच कळलं होतं. "ते पुढच्या धड्यात आहे," असं म्हणून ती विषय बदलायची.

आज पुढचा धडा उरला नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा डोक्यावर चढवला आणि सांगितलं, की पूर्ण किडनी माझ्या हयातीत होईल असं मी कुणालाही वचन देणार नाही. ताईचा हात नको तेवढा दाबला गेला. केकवरच्या नावातलं शेवटचं अक्षर फुगून पसरलं. तिने सुरीने ते खरवडून काढलं, केक फ्रिजमध्ये ढकलला आणि हात धुऊन निघाली.

हॉस्पिटलच्या त्या लांबट खोलीत सगळी यंत्रं एका सुरात घुरघुरत होती. धाकटा खुर्चीत रेलून पडला होता. पाणी मोजूनमापून प्यायचं असल्यामुळे तहान लागली की बर्फाचा खडा चघळायचा. वाटी शेजारी होती. ताई स्टूल ओढून बसली. सगळं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं, पण तोंड उघडलं तर नेहमीचंच बाहेर आलं.

"शेवटचा धडा झाला. चांगला होता. म्हणजे... खूप आशा आहे म्हणतात."

"चष्मा डोक्यावर चढवून म्हणाल्या?"

बाईंच्या चष्म्याचं ताईने त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"तू... बघितलास?"

"तू पहिला धडा सांगितलास ना, त्याच आठवड्यात सगळा कोर्स संपवला. या खुर्चीत बसून दुसरं करतो काय मी?"

"मग मला दर वेळी पाइपलाइनचं कशाला विचारत होतास?"

तो आपल्या दंडापासून यंत्राकडे जाणाऱ्या नळीकडे बघत बोलला.

"सांगायला काही होतं म्हणून तू येत होतीस. नसतं, तर तोंड चुकवलं असतंस. मला ओळखू येत नाहीस होय तू?"

तो बोलला त्यात काहीच खोटं नव्हतं. मागच्या महिन्यात एकदा सांगायला काही नव्हतं, तर तिने ऑर्डरचं निमित्त करून खरोखरच दांडी मारली होती.

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. "फार भीती वाटते."

"मग तसं म्हणायचं ना! त्यासाठी एवढं शिकायचं?"

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. नर्स येऊन यंत्रावरचे आकडे बघून गेली. ताईने ओढणीने नाक पुसलं, वाटीतला एक खडा चमच्यावर घेतला आणि त्याच्या ओठांपाशी नेला.

"बारक्या," ती म्हणाली, "भूल दिल्यावर खरंच काही कळत नाही का रे?"

त्याने चमच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघत राहिला. बर्फ वितळून थेंब चमच्यावरून चादरीवर पडायला लागले.

"त्याचाही असेल कुठेतरी फुकटचा कोर्स," तो म्हणाला. आणि मोकळ्या हाताने तिचा चमच्याचा हात धरून ठेवला.