अठरा मिनिटं

“झाकण ठेवा परत,” सिस्टर म्हणाल्या. “अठराच मिनिटं झालीत.”

आमेनबाईंच्या हातातला लांब चिमटा तसाच अधांतरी राहिला. चिमट्याच्या टोकाला काचेची सिरिंज, सिरिंजच्या टोकाला पाण्याचा थेंब.

“वीस झाली, सिस्टर.”

“माझ्या घड्याळात अठरा आहेत.” सिस्टरांचं घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं असे, त्यामुळे खरी वेळ फक्त त्यांनाच कळायची आणि बाकीच्यांना मान वाकडी करावी लागायची. “परवाही अठराच होती. बोलले नाही. म्हटलं, घरातला माणूस जाऊन महिना नाही झाला, होतं असं. पण आत टेबलावर लोक असतात हो बाई. दोन मिनिटं कमी नाही चालायची.”

बाईंनी सिरिंज पुन्हा पाण्यात सोडली. झाकण लावलं. ती दोन मिनिटं कुठे गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चाळीस वेळा तीन सेकंद. हिशेब चोख होता.

हे तीन सेकंदांचं प्रकरण सांगायचं तर मागे जायला हवं. तेव्हा सुई एकदा टोचली की फेकून द्यायची, असली चैन नव्हती. सिरिंजा, सुया, कात्र्या, चिमटे, सगळं धुऊन वीस मिनिटं खळखळ उकळायचं, मगच ऑपरेशनच्या खोलीत पाठवायचं. बाई या कामाला लागल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात वाफ जाऊन जाऊन भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. तेव्हाची मेट्रन म्हातारी होती, कडक आणि भाविक, दोन्ही सारख्याच मापाने. ती म्हणाली, “प्रभूने शिकवलेली प्रार्थना येते ना तुला? सावकाश म्हण, एकेक शब्द चावून. अर्धं मिनिट लागतं. चाळीस वेळा म्हटलीस की झाली वीस मिनिटं.”

बाईंनी डॉक्टरांच्या कोटांची तुटून पडलेली चाळीस बटणं गोळा केली. एक प्रार्थना झाली की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. शेवटचं बटण पडलं की मोठ्याने “आमेन!” म्हणायचं आणि झाकण उचलायचं. पलीकडच्या खोलीत ते ऐकू गेलं की मोठे डॉक्टर न बघता हात पुढे करत. महिन्याभराने घड्याळ दुरुस्त होऊन आलं. दोघांत फरक निघाला तेव्हा शहानिशा झाली, आणि चूक घड्याळाची ठरली. तेव्हापासून ते भिंतीवर नुसतंच शोभेला. बाईंचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं, तेही कारकुनाला बोट फिरवून शोधावं लागे.

घरी मात्र या कीर्तीला कोणी भीक घालत नसे. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर देखणं, जीभ खट्याळ.

“काय गं, प्रार्थना करतेस की अंडी उकडतेस?”

“तुम्ही चर्चमध्ये झोपता, त्यापेक्षा बरं.”

“झोपत नाही मी. डोळे मिटून ऐकतो.”

“घोरत?”

“ते आमेन असतं माझं. तुझ्यासारखं ओरडत नाही मी, एवढंच.”

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या वेळी केलं आणि मग दोघांनी मिळून सोडून दिलं. बोटांना रंग लागलेला तो माणूस संध्याकाळी घरी आला की घरात टर्पेंटाइनचा वास यायचा, आणि बाईंच्या अंगाला वाफेचा. “एक धुतोय, एक रंगवतोय,” तो म्हणायचा, “आपण दोघांनी मिळून एखादं जहाज काढायला हवं होतं.” अशी सव्वीस वर्षं गेली. सुखाची होती हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बाईंनी हसण्यावारी नेलं असतं. तेव्हा ती नुसतीच वर्षं होती.

मग त्याच्या छातीत कळ आली आणि त्याला दोन नंबरच्या वॉर्डात आणलं. बाईंच्या उकळायच्या खोलीच्या बरोबर खाली. बाईंनी उकळलेल्या सुया आता त्याच्याच दंडात जाऊ लागल्या.

आणि इथे घोटाळा झाला. सव्वीस वर्षं बाईंनी प्रार्थना म्हटली होती, आता त्यांना ती करायची होती. शब्द तेच. पण रोज तोंडात घोळून गुळगुळीत झालेले शब्द एकाएकी टोचायला लागले. त्यात मध्ये एक ओळ आहे. आपली इच्छा खाली ठेवायची आणि देवाची मान्य करायची, अशी. तीन सेकंदांची ओळ. सुईत दोरा ओवावा इतक्या सहज बाई ती म्हणत आल्या होत्या. आता त्या तिथे आल्या की अडायच्या. म्हटली, आणि त्याने शब्दात पकडलं तर? त्याची इच्छा भलतीच निघाली तर?

बाईंनी मग ती ओळ गाळायला सुरुवात केली. वाटेत कुत्रं झोपलेलं असावं आणि आपण चपला हातात घेऊन लांबून जावं, तशी. अलीकडची ओळ म्हणायची आणि एकदम पलीकडे.

अकराव्या दिवशी दुपारी त्या त्याच्या उशाशी बसल्या होत्या. ओठ हलत होते. त्याने डोळे उघडले.

“मोजतेयस का गं?”

“नाही. मागतेय.”

“मग सावकाश माग,” तो म्हणाला. “मी कुठे पळतोय?”

बाराव्या दिवशी तो गेला.

पाळकसाहेब आले, मंडळी आली, गीतं झाली, माती दिली. बाईंनी सगळं नीट पार पाडलं, आल्यागेल्याला चहा विचारला. कामावरही लगेच गेल्या. पण उकळायच्या खोलीत पहिलं बटण उचललं आणि त्या ओळीपाशी आल्या, तर ती काही येईना; तिला सोडूनच पुढे जावं लागलं. आठवत नव्हती असं नव्हे. आठवत होती, येत नव्हती. आधी बाईंनी तिला टाळलं होतं, आता ती बाईंना टाळत होती. रविवारी सगळी मंडळी एका सुरात प्रार्थना म्हणत तेव्हा बाई तिथे नुसते ओठ हलवत. दीडशे आवाजांत एक आवाज तीन सेकंद नाहीसा झाला, तर कोणाला कळतंय?

कळलं ते सिस्टरांच्या घड्याळाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी स्वतःच्या घरून गजराचं घड्याळ आणलं आणि ओट्यावर ठेवलं. “राग मानू नका, बाई.”

“राग कसला? बरोबरच आहे तुमचं.”

वीस मिनिटं झाली आणि ते असं काही कोकललं की पलीकडून मोठे डॉक्टर ओरडले, “हे काय कोंबडं पाळलंय का आता? आमेनबाई कुठे गेल्या?”

“इथेच आहेत,” सिस्टर म्हणाल्या, आणि बाईंकडे बघायचं टाळून त्यांनी ट्रे उचलला.

असे आठ महिने गेले. बटणं वाटीत पडून राहिली. बाई चर्चला जात, दिवा मालवण्याआधी हात जोडत, आणि त्या ओळीपाशी येऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसासारख्या परत फिरत. कोणाला सांगणार? आमेनबाईला प्रार्थना येत नाही, हे सांगितलं तर दवाखान्यात हसू व्हायचं आणि चर्चमध्ये चिंता. दोन्ही नको होतं.

एका सकाळी सहा वर्षांच्या मुलीला आणलं. आतडं फुटलं होतं, तसंच उचलून आत नेलं. बाहेर बाकांवर जागा नव्हती म्हणून तिच्या आईला कोणीतरी उकळायच्या खोलीच्या दारातल्या स्टुलावर आणून बसवलं. शिवणकाम करणारी होती. मशीनवरून तशीच उठून आलेली, गळ्यात मोजपट्टी, पदराला दोऱ्याचे तुकडे.

“मावशी, आमेनबाई तुम्हीच ना?”

“मी हत्यारं उकळते.”

“झाडूवाली म्हणाली, आत जाऊन बस, त्यांची प्रार्थना पोचते म्हणून.”

“तिला काय होतंय सांगायला? ती मला उद्या गावची पाणपोई म्हणेल.” बाईंनी आच वाढवली. दुसरा ट्रे लागणार होता. पोट धुवायचं तर हत्यारं जास्त लागतात. म्हणजे आत काम सोपं नव्हतं, हे त्यांना कळलं आणि त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

“म्हणा ना, मावशी. मला काही सुचत नाहीये. सुरुवातच आठवत नाहीये मला.”

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले होते.

“खरं सांगू पोरी? माझी प्रार्थना मोडलीय. अर्ध्यापर्यंत जाते आणि थांबते. एक ओळ येत नाही.”

“कुठली?”

बाईंनी सांगितलं. म्हणजे ओळ नाही म्हटली, नुसतं सांगितलं, त्याची इच्छा मान्य करायची ती.

त्या पोरीने मोजपट्टी मुठीत घट्ट आवळली. “ती मलाही नाही म्हणता येणार,” ती म्हणाली. “आज नाही.”

“नकोच म्हणू.”

“देव रागावेल?”

आमेनबाईंनी कधी नव्हे ते यावर खरोखर विचार केला. आठ महिने त्या हेच विचारत होत्या, पण स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी कडक यायचं, म्हाताऱ्या मेट्रनच्या आवाजात. समोर ही पोर बसली होती, हिला काय सांगायचं? तुझ्या लेकराच्या जिवावर पाणी सोड, मग तो ऐकेल, असं? छे. असं सांगणारा देव असता तर त्याला प्रार्थना कशाला शिकवावी लागली असती? हुकूमच दिला असता.

“ज्याचा स्वतःचा मुलगा गेला,” त्या सावकाश म्हणाल्या, “तो तुझ्यावर रागवेल होय गं?”

हे वाक्य त्यांनी शंभर प्रवचनांत ऐकलं होतं. पण ते आपल्यालाही लागू आहे, आपण चपला हातात घेऊन चोरून गेलो तेव्हा तो झोपलेला नव्हता, बघत होता आणि त्याने आपल्याला जाऊ दिलं होतं, हे आत्ता त्या खोलीत, त्या वाफेत कळलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “मी म्हणते, तू मागून ये. ती ओळ आली की तू गप्प बस. ती मी म्हणेन.”

“पण माझ्या मुलीसाठी...”

“तुझ्या मुलीसाठी नाही म्हणत मी ती. माझ्या नवऱ्यासाठी म्हणतेय. आठ महिने उशीर झालाय.”

पाणी खळखळू लागलं. दोघींनी सुरुवात केली. पोरीचा आवाज दोन शब्द मागून येत होता. ती ओळ आली तेव्हा पोर थांबली. बाई एकट्या राहिल्या. त्यांनी ओट्याची कड धरली आणि एकेक शब्द जड पिशवी पायरीवर ठेवावी तसा ठेवत ती ओळ म्हटली. तीन सेकंद नाही, फार जास्त लागले. मग पोरीचा आवाज पुन्हा येऊन मिळाला आणि पुढचं दोघींनी पुरं केलं.

किती वेळा म्हटली कोण जाणे. बटणांकडे कोणी पाहिलं नाही. गजर कोकलला तेव्हा दोघी दचकल्या. बाईंनी झाकण उचलून ट्रे आत दिला आणि दुसरा भरायला घेतला.

मुलगी वाचली. सोपं नव्हतं, पंधरा दिवस ताप हटत नव्हता. शेवटी जेव्हा घरी निघाली, तेव्हा तिची आई वर येऊन गेली.

“मावशी, मी ती ओळ अजून म्हटलेली नाही हां.”

“असू दे. मला सव्वीस वर्षं लागली.”

त्यानंतरच्या रविवारी बाई चर्चला जरा उशिराच पोचल्या. डावीकडून चौथं बाक त्यांचं. नवरा नेहमी मधल्या वाटेच्या कडेला बसायचा, बाई आत. प्रवचन लांबलं की पाय बाहेर ताणायला मिळावेत म्हणून त्याने ही जागा पटकावली होती, आणि आठ महिने बाईंनी ती कोणाला दिली नव्हती. कोणी विचारलं की “येणार आहेत” म्हणायच्या, आणि लोक समजून पुढे जायचे. आज एक अनोळखी म्हातारी काठी टेकत बाकापाशी येऊन थांबली. जागा शोधत होती.

बाईंनी तिला आत जाऊ दिलं, आणि स्वतः कडेला बसल्या. लाकूड तिथे थोडं गुळगुळीत झालं होतं.

पाळकसाहेबांचं प्रवचन त्या दिवशी फारच लांबलं. बऱ्याच वेळाने बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन्ही पाय हळूच मधल्या वाटेत लांब केले.